नाव पंगतीकडे

मी एक जुना पितळी हंडा आहे. मित्रांनो, हंडा म्हटलं की तुम्हाला नळावरची रांग आठवेल, पण मी पाणी भरण्याचा हंडा नव्हे. मी पंगतीचा हंडा आहे. माझ्यात एका वेळी अख्ख्या वस्तीचं मटण शिजतं. म्हणजे शिजत असे. माझ्या दोन्ही अंगांना जाडजूड कड्या आहेत आणि मी भरलेला असलो तर मला हलवायला दोन माणसं लागतात, एका कडीला एक. सध्या माझा मुक्काम कोल्हापुरात, कळंब्याकडच्या एका नव्या बंगल्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी आहे. इथे मला कोणी काम सांगत नाही. कावळे तेवढे काठावर टेकून जातात.

माझा जन्म कसा झाला ते तुम्हाला सांगायला हवं. कुरुंदवाडच्या पलीकडे नदीकाठी एक खेडं आहे. त्या खेड्यात गावकीची भांडी होती. कुणाच्याही घरी लग्न निघालं की ती त्या दारात जात आणि मांडव उतरला की घासूनपुसून परत येत. फक्त एका वस्तीच्या दारात ती कधीच गेली नाहीत. मागितली तर भांडी बाटतील असं सांगत. मग वस्तीतली लग्नं मडक्यांवर आणि तेलाच्या डब्यांवर निभावून न्यावी लागत. पुढे छप्पन साली वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांनी मिळून ठरवलं, की आता मागणं बंद. घराघरातून मोड गोळा झाली. कुणी चेपलेला तांब्या दिला, कुणी कड निघालेली परात दिली. एका म्हातारीकडे मोडका जिन्नस नव्हता, तर तिनं धड पेलाच आणून टाकला आणि म्हणाली, मी ओंजळीनं पिईन. ती सगळी मोड कोल्हापुरातल्या एका तांबटाकडे गेली आणि तिच्या बदल्यात मी आलो. माझ्या पोटावर त्यानं ठसठशीत अक्षरांत नाव घातलं, 'समस्त बौद्ध समाज'.

तेव्हापासून वस्तीत एक रिवाज पडला. मला चुलीवर चढवताना माझं नाव पंगतीकडे आलं पाहिजे. जेवणाऱ्याची मान वर झाली की त्याला ते दिसलं पाहिजे. एकदा एका नवख्या आचाऱ्यानं माझं नाव पलीकडे करून मला मांडलं. तेव्हा आकाराम नावाच्या तरुण गड्यानं पेटलेली लाकडं बाहेर ओढली, मला फिरवलं आणि जाळ पुन्हा घातला. रस्सा उशिरा झाला. कुणी चकार शब्द काढला नाही.

माझी उमेदीची वर्षं फार गजबजलेली होती. लग्नं, बारशी, चौदा एप्रिलची जयंती, कुठलंही कार्य माझ्यावाचून अडायचं. दरवेळी कल्हईवाला यायचा, नवसागर आणि कथलाचा धूर उठायचा आणि मी आतून चांदीसारखा उजळायचो. आता थोडी फुशारकी मारतो, ती तुम्ही सहन करा: माझ्यात शिजलेल्या रश्श्याची चव दुसऱ्या कुठल्या भांड्याला आली नाही, असं जेवणारेच म्हणायचे. तानूबाई लग्न होऊन वस्तीत आली, तेव्हा तिच्या लग्नाचं जेवण माझ्यातच झालं. तिचा नवरा जयसिंग लवकर गेला. मुलगा प्रसेनजीत इंजिनिअर झाला त्या दिवशी तानूबाईच्या घरात अख्ख्या वस्तीला जेवू घालण्यासारखं काही नव्हतं. मग लाकडं एका घरानं आणली, तांदूळ दुसऱ्यानं, मसाला तिसऱ्यानं, आणि आकारामनं बकरं दिलं. पंगतीत प्रसेनजीत माझ्या अगदी समोर बसला होता. तो घास घेता घेता माझं नाव वाचत होता हे मी पाहिलं आहे.

मग माझे दिवस फिरले. हलकी ॲल्युमिनियमची पातेली आली, केटरिंगवाले आले. कल्हईवाला दिसेनासा झाला. मला विहाराच्या मागच्या खोलीत ठेवलं, आणि जयंतीच्या पताका माझ्यात भरून ठेवू लागले. मी कुरकुरलो नाही. आपल्याच घरात अडगळ होणं निराळं असतं.

प्रसेनजीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर गेला. कंपनीत त्याला सगळे पी. जे. सर म्हणतात आणि बंगल्याच्या फाटकावरही तेवढंच लिहिलेलं आहे. त्याला बोल लावायला माझी जीभ सहज उचलते, पण पूर्ण गोष्ट सांगायला हवी. शिकायला तो शहरात आला तेव्हा खोलीमालक आधी हसून बोलत आणि मग पूर्ण नाव विचारत. नाव ऐकलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असे. हे इतक्यांदा झालं की त्यानं नाव सांगणंच सोडून दिलं. तानूबाईनं हे सगळं विहाराच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं आणि सांगताना तिला रडू आलं होतं.

त्याच्या मुलीचा, अक्षताचा, पहिला वाढदिवस आला. त्यानं आईला फोन केला. संध्याकाळी हॉलमध्ये पार्टी आहे, आणि वस्तीतल्या सगळ्यांना दुपारी घरी जेवायला आण, गाडी मी पाठवतो, असं तो म्हणाला. तानूबाईला आभाळ ठेंगणं झालं. मित्रांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या. त्या वस्तीत कार्याआधीचं घरचं जेवण फक्त आपल्या माणसांना असतं. मांडवात कुणीही येऊन जेवेल, पण घरात आधी जेवतो तो रक्ताचा. घरात जेवून, मग सगळ्यांनी मिळून मांडवात जायचं आणि आल्यागेल्या पाहुण्यांना वाढायचं. त्यामुळे तानूबाईनं मुलाला काही विचारलंच नाही. दारोदार जाऊन तिनं सांगितलं, "आपल्याला घरच्या जेवणाला बोलीवलंय. मग सांजच्याला हालात जायचं हाय. चांगलं लुगडं काढून ठेवा." आणि त्या जेवणासाठी तिनं मला बाहेर काढलं. कल्हईवाला तिनं कुठून शोधून आणला कुणास ठाऊक, पण किती वर्षांनी मी पुन्हा उजळलो.

टेम्पोतून उतरलो तेव्हा माझी छाती फुगली होती. बंगल्याच्या पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या. शेगडी पेटवण्याआधी आकारामनं मला मांडलं, नाव पंगतीकडे. आता तो म्हातारा झाला आहे, पण हात तसेच आहेत. इतक्यात प्रसेनजीत बाहेर आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, माझी कडी धरली आणि मला फिरवून माझं नाव भिंतीकडे केलं. तानूबाई हसली. शहरात राहून पोरगा रीत विसरला, असं म्हणत तिनं मला पुन्हा होतं तसं केलं. प्रसेनजीतनं जाऊन फाटक तेवढं लोटून घेतलं.

जेवण झकास झालं. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, भाकरीच्या चवडी उठल्या. माणसं पोटभर जेवली आणि वर मान करून माझ्याकडे बघत राहिली. मग पुरुष हात धुऊन भिंतीला टेकले आणि बायका आवरायला बसल्या. एकमेकींच्या केसांत गजरे माळले, पिशव्यांतून इस्त्रीची लुगडी निघाली. भेटवस्तू मांडीवर घेऊन सगळे गाडीची वाट बघू लागले. ऊन कलायला लागलं तसा टेम्पो आला. ड्रायव्हरनं विचारलं, "कुरुंदवाडला जायाचं पावणं हेच न्हवं का?"

तानूबाई म्हणाली, कुरुंदवाडला नव्हे, हॉलवर. ड्रायव्हरनं प्रसेनजीतकडे पाहिलं. प्रसेनजीत खाली बघत बोलू लागला. हॉल लहान आहे, कंपनीतली माणसं फार आहेत, केक आणि इंग्रजी गाण्यांत तुम्हाला करमायचं नाही, परत जायला उशीर होईल. एकाला एक कारण जोडत गेला. त्याची बायको निशा अक्षताला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिला हे आधी ठाऊक असावं, कारण तिनं मान दुसरीकडे वळवली.

शेवटी आकाराम उठला, त्यानं धोतर झटकलं.

"पोट भरलं की गा," तो म्हणाला. "आमी जेवायलाच आलतो."

बायकांनी लुगडी घड्या करून पिशवीत घातली. गजरे मात्र केसांत तसेच राहिले. भेटवस्तू एकेकानं तानूबाईच्या मांडीवर ठेवल्या. कुणी तिला टाकून बोललं नाही आणि तिला तेच झोंबलं. ज्यांना तिनं दारोदार जाऊन बोलावलं होतं, त्यांच्या तोंडाकडे तिला बघवेना. जाता जाता आकाराम माझ्या कडीला हात घालून म्हणाला, तानूअक्का, हंडा नेतो, विहारात ठेवायचा आहे. तेवढ्यात निशा पुढे आली. हॉलच्या दारात शोभेला असंच काहीतरी जुनं हवं होतं, हंडा आज राहू द्या, उद्या पाठवते, असं ती गोड बोलली. तानूबाईनं मान डोलावली. खरं म्हणजे तिनं काही ऐकलंच नव्हतं. आकारामचा हात माझ्या कडीवरून सुटला.

आणि मित्रांनो, मी पार्टीला गेलो. ज्यांच्या तांब्या-परातींतून मी झालो ती माणसं टेम्पोत बसून परत निघाली होती आणि मी दिव्यांच्या माळांखाली उभा होतो. मला चिंच लावून घासलं. आत पाणी ओतलं, गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, तरंगत्या मेणबत्त्या लावल्या. कुठली बाजू कुठे करायची हे सांगायला प्रसेनजीत स्वतः उभा राहिला. माझं नाव भिंतीकडे गेलं. माझं एवढं कौतुक उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. येईल तो माझ्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता. प्रसेनजीतच्या वरच्या साहेबाच्या बायकोनं माझ्या काठावरून हात फिरवला आणि इतकी सुंदर वस्तू कुठे मिळाली, असं विचारलं.

"जुन्या बाजारात," प्रसेनजीत म्हणाला.

आजी म्हणून तानूबाईला तेवढं हॉलवर आणलं होतं आणि ती माझ्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसली होती. तिनं ते ऐकलं. साहेबाची बायको पुढे गेल्यावर ती उठली, माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत तिनं हात घातला. तिची बोटं माझ्या अक्षरांवरून फिरली. मग तिनं माझी कडी धरली आणि मला फिरवू लागली. दात आवळून तिनं जोर लावला. पण मी काठोकाठ भरलेला होतो. एका कडीला ती होती, दुसऱ्या कडीला कुणी नव्हतं. थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं, एक मेणबत्ती विझली, मी जागचा हललो नाही. माझ्या वजनाचा मला तेव्हा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता.

प्रसेनजीत धावत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, आज नको."

"मग कवा?" तानूबाईनं विचारलं.

तो तिच्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण कुणीतरी पी. जे. सर म्हणून हाक मारली आणि तो तिकडे वळला.

तो 'उद्या' काही उजाडला नाही. मला गच्चीवर आणून ठेवलं आणि माझं नाव कठड्याच्या भिंतीकडे राहिलं. मुद्दाम कुणी केलं नसेल, आणणाऱ्यांनी ठेवलं तसं ठेवलं. कार्य निघालं की आकारामचा फोन यायचा. निशा पाठवते म्हणायची. वस्तीनं भाड्याची पातेली आणली आणि हळूहळू फोन यायचा बंद झाला. मागणं बंद करण्यासाठी मला घडवलं होतं, आणि आता माझ्यासाठीच मागावं लागत होतं. ते त्यांना कसं जमावं?

तानूबाईही गावी गेली नाही. कोणत्या तोंडानं जाऊ, असं ती एकदा माझ्यापाशी पुटपुटली. वस्तीत तिला कुणी काही म्हणणार नाही हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिचा पाय निघत नाही. ती पापड वाळत घालायला गच्चीवर येते, माझ्याशेजारी बसते. आता ती मला फिरवत नाही. मी रिकामा आहे, एका हातानं फिरेन, पण इथे पंगत कुठे आहे? आतली कल्हई काळवंडली, बाहेरून हिरवट डाग चढले. असा मी आता कुणाला जेवू घालू शकत नाही.

मित्रांनो, भांडं जुनं झालं तर कल्हई लावता येते. ते काम अवघड नाही. तुमच्या घरी एखाद्या भांड्यावर जुनं नाव असेल, तर ते एकदा मोठ्यानं वाचा आणि ते कुणी घातलं, का घातलं, हे घरात विचारा. विचारायला माणसं आहेत तोवरच विचारा. माझं सांगून झालं. ऐकणारं इथे कुणी नाही, तरी सांगितलं.

अक्षता आता दुडुदुडु धावायला लागली आहे. आजीचा पदर धरून ती गच्चीवर येते आणि चिमुकल्या हातानं माझ्या पोटावर थाप मारते. मी घणघणतो, ती खिदळते, पुन्हा मारते. तिचा हात पोहोचतो ती बाजू कोरी आहे.