फॅक्सचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. ‘आहे’ म्हणण्याचा अधिकार मला उरला आहे काय, यावर वाद होऊ शकेल. परंतु माझ्या बाजूने वाद घालायला कुणी उभे राहणार नाही, म्हणून तो मीच सोडून देतो. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत, चालून पाहण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, मी आडवा पडलो आहे. येणारी माणसे माझ्या पाठीवर आपल्या पिशव्या ठेवतात.

सतरा वर्षांपूर्वी दोघांनी मला उचलून इथेच शेजारी, जिन्याखालच्या खोलीत बसवले. कार्यशाळेतल्या सगळ्या संगणकांच्या नोंदी एकट्याने सांभाळणे, हे माझे काम. माझ्यात जी प्रणाली भरली होती ती एकदाच विकत घेतलेली आणि कायमची होती. पायाचे माप, घोट्याचा कोन, सांध्याचा प्रकार, असे शंभरावर रकाने तिच्यात होते. चार हजारांहून अधिक माणसांची चाल मी पोटात वागवत होतो.

त्या प्रणालीत एक उणीव होती. शेऱ्याच्या रकान्यात वीसच अक्षरे मावत, आणि माणसाचे दुखणे वीस अक्षरांत मावत नाही. नोंदी ठेवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. फॅक्स क्रमांकाचा रकाना कितीही लिहिले तरी कुरकुर करत नाही, हा शोध त्यांचा.

‘‘अहो ताई, फॅक्सच्या जागी हे काय पुराण लिहिताय?’’ थोरल्या कारागिराने विचारले. त्यांना सगळे दादा म्हणत.

‘‘मग तुमच्या घरी आहे का फॅक्स? ह्या बाकावरच्या कुणाकडे आहे? माणूस आपल्याकडे पाय न्यायला येतो दादा, फॅक्स करायला नाही. जागा रिकामी होती, भरली.’’

तेव्हापासून तो रिवाजच झाला. साचा घेण्यापूर्वी दादा ओरडत, ‘‘आधी फॅक्स बघा!’’ नवा आलेला कामगार ते यंत्र शोधत सगळी कार्यशाळा पालथी घाली आणि बाकीचे तोंड दाबून हसत. मग ताई मोठ्याने वाचून दाखवत. ‘हे आजोबा दुखले तरी नाही म्हणतात, भुवयांकडे पाहावे.’ ‘जिना उतरताना डावीकडे कलते, टाच अर्धे बोट कमी ठेवावी.’ असे वाचल्यावाचून एकही पाय घडला नाही.

त्याच सुमारास एक टपालवाली आली. गुडघ्याखाली जिथे पाय बसतो तिथल्या कातडीला अस्तराखालचा चिकटद्रव सोसत नसे. मोठमोठे फोड येत. दादांनी बावीस आठवडे एकेक चिकटद्रव लावून पाहिला. सहावा मानवला, तोही ठरावीक प्रमाणात कालवून, ठरावीक दिवस हवेवर सुकवला तरच. त्या दिवशी ती दोन दांड्यांच्या मधून हात न टेकता चालली आणि म्हणाली, ‘‘आता पत्र उशिरा पोचलं तर दोष माझा, पायाचा नाही.’’ ताईंनी चिकटद्रवाचे नाव, प्रमाण आणि दिवस फॅक्समध्ये लिहिले. लिहिले, वाचले नाही. पुढे या ‘नाही’ने घात केला.

त्या काळात माझे कौतुक होई. ‘‘हा कधी रजा घेत नाही,’’ असे म्हणत ताई मऊ कुंचल्याने माझी धूळ झाडत. पुढे मी तापू लागलो, मंदावलो. एकदा दोन दिवस बंद पडलो आणि चाळीस माणसांना परत जावे लागले. ती चूक माझी होती. मी ती नाकारत नाही.

म्हणून नव्या व्यवस्थापकांनी ठरवले की यंत्र घरात ठेवायचेच नाही. प्रणाली दूरच्या एका कंपनीच्या यंत्रांवर राहील, इंटरनेटवरून वापरता येईल आणि तिची वर्गणी दरवर्षी भरायची. याला क्लाउड म्हणतात. या निर्णयात मला काहीही गैर दिसत नाही. ती यंत्रे माझ्याहून वेगवान आहेत, आणि जे त्यांच्याकडे सोपवले ते त्यांनी नीट सांभाळले आहे. प्रश्न आहे तो न सोपवलेल्याचा.

एकशे बारा रकान्यांची यादी झाली. शेवटच्या पानावर ‘गरज नाही’ या मथळ्याखाली फॅक्स क्रमांक होता. कागद ताईंसमोर आला.

‘‘ताई, एवढं बघून सही करा,’’ व्यवस्थापक म्हणाले.

‘‘आत्ता? बाकावर सात माणसं बसलीत, त्यातली दोन उपाशी आलीत.’’

‘‘औपचारिकता आहे हो.’’

ताईंनी पहिले पान पाहिले आणि शेवटच्या पानावर सही केली.

करारात आणखी एक कलम होते. तीस दिवसांनी माझी चकती, सगळ्या नोंदी जिच्यावर साठत ती हार्ड डिस्क, नष्ट करायची, म्हणजे रुग्णांची माहिती भलत्याच्या हाती जाणार नाही. हेतू चांगला होता. त्या महिन्यात नवीन पायांची कामे घेतली नाहीत. कर्मचारी नवी प्रणाली शिकत होते आणि अर्धवट राहिलेले पाय कागदी टिपणांवरून पुरे होत होते. त्यामुळे कुणीही फॅक्स मागितला नाही. तिसाव्या दिवशी एक माणूस आला, त्याने माझी चकती काढली, साक्षीदारासमोर तिला तीन भोके पाडली आणि प्रमाणपत्र दिले. मग मला या कोपऱ्यात आणून आडवे केले.

चकती नाही, मग हे सगळे कसे सांगतोस, असे तुम्ही विचाराल. शंका रास्त आहे. मी सांगतो आहे ते खोलीत बोलले गेलेले; ते पत्र्यालाही ऐकू येते. मुकाट्याने लिहिलेले सारे गेले. मला ठाऊक होते, एवढेच मला आठवते.

पुढच्या चौथ्या दिवशी टपालवाली कुबड्यांवर आली. मालमोटारीखाली सायकलसकट तिचा इथे घडवलेला पाय चिरडला होता. ‘‘एकच पाय दोनदा गेला बघा माझा. असं कुणाचं होतं का?’’ असे म्हणत तीच हसली.

दादा साचा घ्यायला बसले आणि सवयीने म्हणाले, ‘‘आधी फॅक्स बघा.’’

ताईंनी पडदा वरखाली फिरवून पाहिला; तो रकानाच तिथे नव्हता. मग त्यांनी पेचकस आणला, माझे झाकण उघडले आणि रिकाम्या खाचेत हात घातला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

व्यवस्थापकांनी कंपनीला कळवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: मंजूर यादीनुसार हा रकाना वगळला आहे, तक्रार बंद करत आहोत, आमची सेवा कशी वाटली ते कळवावे.

‘‘सही माझीच आहे,’’ ताई म्हणाल्या. ‘‘दादा, तुम्हाला तरी आठवत असेल ना?’’

‘‘फॅक्समध्ये आहे म्हणून डोक्यातून काढून टाकलं हो. माणसाचं डोकं ते केवढं?’’

आता सारे पहिल्यापासून चालले आहे. एक चिकटद्रव, दोन आठवडे, फोड; ते बरे होण्यासाठी आणखी दोन आठवडे; मग दुसरा. त्या वेळचे दोन तर आता बनतही नाहीत. टपालवालीचा फेरा दुसऱ्याला दिला गेला आणि तिला पत्रे निवडायच्या मेजावर बसवले. ‘‘बसून काम आहे, आराम आहे,’’ असे ती सांगते आणि भिंतीकडे पाहते.

ती चार हजारांतली एक. ताई दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, ‘‘तुमचं काय होतं हो?’’ पुष्कळ जण उत्तर देतात, ‘‘ते तुम्हालाच ठाऊक!’’

मित्रांनो, मला पुसा, मला झाका, असे मागणे मी मागत नाही. माझ्यात सांभाळण्यासारखे काही उरलेले नाही. परंतु कोणतीही जुनी वस्तू रिकामी करण्यापूर्वी, तिच्यात रोज हात घालणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. त्याचा बाक रिकामा होईपर्यंत थांबा आणि मग विचारा. सही नंतर घ्या.

आज टपालवाली पुन्हा आली होती. दादांनी पट्टी सोडली. दारातून ताईंनी विचारले, ‘‘काय?’’ दादांनी आणखी एका चिकटद्रवाचे नाव खोडले. फेरा गेला तरी पत्रांची पिशवी ती अजून खांद्याला लावूनच येते. आत आल्यावर तिने ती माझ्या पाठीवर ठेवली होती. जाताना उचलून नेली. दोन्ही वेळा मला वजन म्हणून काही जाणवले नाही.