कोरड्या घरातला माग

हर्षाने नागपूरहून गाडी काढली तेव्हाच तिचं डोकं सणकलेलं होतं. मासिकाचा फोटोग्राफर अंकुर अकराला आंधळगावात पोचणार होता आणि बाबा सकाळपासून फोन उचलत नव्हते. फोटो कशाचे, तर तिनेच आराखडा काढून आईबाबांसाठी बांधलेल्या घराचे. राहणं आणि विणकाम एकाच छपराखाली! आर्किटेक्ट म्हणून स्वतःच्या नावावरचं हे तिचं पहिलंच काम, आणि मासिक त्याला आठ पानं देणार होतं.

तिचा सगळा जीव होता तो माग ठेवायच्या खोलीवर. जुन्या घरात ती खोली म्हणजे अंधारी, शेणाने सारवलेली, बारा महिने ओलसर. बाबा, म्हणजे गोपाळराव, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणत बसले आणि गुडघ्यांची माती करून घेतली. म्हणून हर्षाने खड्डा ठेवलाच नाही. माग उंच चौथऱ्यावर घेतला, खाली फरशी घातली, पश्चिमेला भिंतभर जाळी ठेवून वारा खेळता केला. दिवाळीत वास्तू झाली तेव्हा अख्खा मोहल्ला पाहायला लोटला होता. "बाप्पा! खोली आहे का देऊळ?" शेजारच्या शकुनबाई म्हणाल्या, आणि हर्षा बाईसाहेब हवेत गेल्या त्या अजून खाली आल्या नव्हत्या.

आई, कुसुमताई, अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"बाबा कुठं आहेत?"

"येतीलच."

"येतील कुठून? फोटोवाला येऊन राहिला, आई! मी चारदा सांगतलं होतं."

आई मान वर करेना. हर्षा तणतणत खोलीत शिरली आणि जागीच थबकली. ऊन छान आलं होतं, फरशी चकचकत होती, आणि माग उघडाबोडका उभा होता. ताण्याचा एक धागा त्याच्यावर नव्हता. हात फिरवला तर बोटाला धूळ लागली.

"साडी कुठं आहे? काल तर फोनवर म्हणत होते, काठ विणून राहिलो!"

"विणूनच राहिले," आई हळूच म्हणाली. "टेकचंदच्या घरी."

टेकचंद मागच्या गल्लीतला. त्याला धोटा धरायला शिकवला तो बाबांनीच.

"काहून?"

"इथं कोसा तुटते न. संक्रांतीनंतर वारं कोरडं झालं, अन् हातभर विणलं का दहा जागी तुटते. मी म्हटलं, जाळीले ओले पोते बांधा. तर म्हणे, पोरीचं काम खराब दिसन."

लहानपणी उन्हाळ्यात जुन्या घरातल्या त्या खोलीत पाणी शिंपडायचं काम हर्षाचंच होतं. खड्ड्यातली, जमिनीची ओल नसली की कोसा टिकत नाही, हे विणकराच्या पोरीला कोणी शिकवायचं? पण त्या ओलीचा तिला एवढा संताप होता, की घर बांधताना तिला फक्त बाबांचे गुडघे दिसले. धागा आठवलाच नाही. ती चपला न घालताच मागच्या गल्लीत गेली.

टेकचंदच्या काळोख्या खोलीत बाबा खड्ड्यात बसले होते. तिला पाहताच ओशाळले.

"आला का फोटोवाला? चार बोटं राहिली, येतोच. तिकडचा माग रिकामा आहे, पण मी बसून हात हलवीन. त्याले काय समजते?"

"फोनवर खोटं काहून बोलत होते, बाबा?"

"तू लय हौसेनं बांधलं, बेटा."

"चुलीत गेली हौस!" ती ओरडली. "घरचा माग सोडून दुसऱ्याच्या खड्ड्यात बसता? मले शिव्या द्याच्या होत्या! अन् गुडघे?"

"दुखतात न. तिकडं फरशीवरही दुखतच होते."

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. एवढं शिकून तिने बापाला त्याच्या घरातून उठवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. अंकुर घरी पोचला होता. "ताई, काय खोली आहे! उजेड तर एक नंबर. काका कुठं आहेत?"

"अंकुर, फोटो काढू नको," ती म्हणाली. "त्या खोलीत विणकाम होत नाही. चूक माझी आहे. मासिकाला मी कळवते."

तिने फोन बंद केला. आता बाबा समजूत घालतील, नाव जाईल म्हणून हळहळतील, असं तिला वाटलं. पण बाबांचा चेहरा उजळला होता.

"मंग घरी खड्डा कधी खोदाचा?" त्यांनी विचारलं, ते इतक्या घाईने, की इतके दिवस हा प्रश्न ते कसाबसा दाबून बसले होते हे हर्षाला त्या क्षणी कळलं.