न उकळलेली बाटली

जंतूंना पोटभर खायला घातलं की ते काम करत नाहीत. साखर आणि पेप्टोनसारखं तयार प्रथिन द्या, फ्लास्कमध्ये नुसते वाढतील, फेस मात्र औषधालाही सापडणार नाही. त्यांना जुनं तेल द्यायचं, नायट्रेट अगदी मोजून द्यायचं, पोटाला जरा चिमटा बसू द्यायचा. मग ते तेल फोडून खाण्यासाठी स्वतःच साबण तयार करतात. एवढी एक गोष्ट सिद्ध करायला मी उल्हासनगरच्या कॉलेजात चार वर्षं घालवली, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं फार कौतुक होतं.

जंतू अंबरनाथच्या एका कारखान्यामागच्या तेलकट मातीतून आणलेला. तेल मुकेशशेठच्या फरसाणाच्या दुकानातलं. दर सोमवारी तळणीचं काळं तेल कॅनमध्ये ओतून देताना ते म्हणायचे, “बेटी, ये तो फेंकने का माल है. तू इसको भी पीएचडी करायेगी क्या?” दोन वर्षं त्याच तेलावर पोसल्यामुळे माझा जंतू त्याला असा सोकावला होता की एका रात्रीत फेस वर आणायचा. त्याच जातीचे दुसरे जंतू त्या तेलात तीन-तीन दिवस नुसते बसून राहतात.

माझे पप्पा, किसन, अंबरनाथच्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर. तीस वर्षं रॉकेलने हात धुऊन त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या. म्हणून हा साबण मी त्यांच्यासाठी बाटलीत भरून घरी, बदलापूरला हेंद्रेपाड्यात नेला. पहिल्यांदा हात धुतल्यावर ते दोन्ही पंजे आईच्या नाकासमोर धरून उभे राहिले. “बघ अंजना, साहेबाचे हात वाटतात की नाय? यशूने केलंय हे. कंपनीने नाय, यशोधराने!”

लॅबमधून काहीही बाहेर नेण्याआधी ते दाबाच्या भांड्यात उकळायचं, म्हणजे एकही जंतू जिवंत राहत नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. पहिल्या दोन बाटल्या मी उकळल्या होत्या. पण उकळलं की ते पिवळट दिसायचं आणि फेस जरा बसल्यासारखा वाटायचा. तोवर पप्पांनी सगळ्या वर्कशॉपला सांगून ठेवलं होतं. तिसरी बाटली झकास दिसावी म्हणून मी जंतू फक्त यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवले आणि वरचं नितळ पाणी ओतून घेतलं. नितळ दिसलं म्हणजे त्यात जंतू नाहीत असं होत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. घरचंच तर आहे, म्हटलं. एवढ्या शिकलेल्या बाईची ही अक्कल.

पप्पांना साखर आहे. त्यांच्या तळपायात लोखंडाची कपची घुसली ते त्यांना आठ दिवस कळलंच नाही. कळल्यावर आईने रोज संध्याकाळी कोमट पाण्याच्या टबात त्यांचा पाय ठेवायला सुरुवात केली, आणि पाण्यात माझ्या बाटलीतली दोन झाकणं. पोरीच्या कॉलेजातलं आहे, गुण येणारच! मला हे कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नसणार.

मंगळवारी ताप चढला तेव्हा त्यांना दवाखान्यात दाखल केलं. नर्सने पट्टी सोडली. पट्टीवर हिरवट निळा डाग आणि उतरलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. त्या वासात मी चार वर्षं जेवणाचा डबा खाल्ला आहे.

डॉक्टर म्हणाल्या, “पू तपासायला पाठवलाय. रिपोर्टला तीन दिवस लागतील. तोपर्यंत हे इंजेक्शन चालू ठेवू.”

माझ्या प्रबंधात एक तक्ता आहे. माझा जंतू कुठल्या औषधाने मरतो आणि कुठल्याने नाही, याचा. त्या इंजेक्शनने तो मरत नाही. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही आम्हाला लागलेली सवय. आणि सवयीच्या मागे लपलेली खरी गोष्ट अशी, की तो जंतू माझा नसावा अशी आशा मला सोडवत नव्हती. मी पट्टीचा तुकडा मागून घेतला आणि लॅब गाठली.

तीन फ्लास्क लावले. तिन्हींत मुकेशशेठचं तेल, तेवढंच नायट्रेट. एकात माझा जंतू, दुसऱ्यात त्याच जातीचा कॉलेजच्या संग्रहातला, तिसऱ्यात पप्पांच्या पट्टीवरचा.

सकाळी दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेल जसंच्या तसं तरंगत होतं. पहिल्यात फेस होता. तिसऱ्यात तर फेसाने कापसाचा बोळा उचलून बाहेर टाकला होता. इतका सुरेख फेस मला प्रबंधासाठी कधी मिळाला नव्हता. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला, लगेच औषध बदललं आणि विचारलं, “हे काल का नाही सांगितलं?”

“खात्री नव्हती,” मी म्हणाले.

गुरुवारी पप्पांचा पाय गुडघ्याखाली कापला. एक दिवस आधी बोलले असते तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी पप्पा उशीला टेकून बसले होते. आई चहा आणायला खाली गेली तेवढ्यात मी त्यांना सगळं सांगितलं. न उकळलेली बाटली, तिसरा फ्लास्क, वाया घालवलेला दिवस. ते पायाच्या रिकाम्या जागेवरची चादर सारखी करत राहिले.

“आईला नको बोलू,” शेवटी ते म्हणाले. “डॉक्टरीणबाईला पण सांग, कुठे लिहू नका म्हणावं. तुझी पीएचडी जाईल. माझा पाय काय, गेला तो गेला.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी एकदम मान वर केली. “यशू, बाटली घरी नाय ना सगळी. अर्धी मी वर्कशॉपला वाटली. नरेंद्र रोज हात धुतो त्याच साबणाने. त्याला पण साखर आहे, आणि मागच्या हप्त्यात पत्र्याने त्याचा अंगठा फाटला.”

मी फोन काढला. पप्पांनी माझं मनगट धरलं. “साबण खराब झाला म्हण. आटपलं.”

खराब झालेला साबण कुणी फेकत नाही. कपडे धुवायला ठेवतात. शिवाय नरेंद्रकाकांच्या डॉक्टरला माझा तक्ता लागणार होता.

“काका, यशोधरा बोलतेय,” मी म्हणाले. “मी दिलेल्या बाटलीत जिवंत जंतू आहेत. पप्पांचा पाय त्यांच्यामुळेच गेला. तुमचा अंगठा कसा आहे?”

पप्पांनी मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पलीकडे यंत्राचा आवाज येत होता.

“सुजलाय जरा,” नरेंद्रकाका म्हणाले. “पण काळजी नको, रोज धुतोय ना मी तुझ्या साबणाने.”