ओदिलचा श्रोता

ओदिल गेली त्याला चार महिने झाले. भेटायला येणारे सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ते खरं आहे. मला जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे, आणि ते चांगलं नाही.

ओदिल माझी बायको. अडतिसाव्या वर्षी तिने विमा कंपनीतली नोकरी सोडली आणि इथे जिनिव्हालाच विद्यापीठात दुभाष्याचं शिक्षण सुरू केलं. परिषदेत काचेच्या खोलीत बसायचं आणि समोरचा बोलत असतानाच त्याचं म्हणणं दुसऱ्या भाषेत सांगत जायचं, असं ते काम. मी ट्रामच्या कारखान्यात ब्रेक दुरुस्त करायचो. मला फ्रेंचशिवाय काही येत नाही. शाळेत जर्मन शिकवलं होतं, ते शाळेतच राहिलं.

त्यामुळेच मी तिच्या उपयोगी पडलो. त्यांच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, की मूळ भाषा न येणारा माणूस समोर बसवा. त्याला कळलं तर तुमचं काम झालं. रोज संध्याकाळी ओदिल हेडफोन लावून इंग्रजी भाषण ऐकायची आणि फ्रेंचमध्ये बोलत जायची. मी बटाटे सोलत ऐकायचो.

"कळलं?"

"मासे धरायला बंदी आहे एवढं कळलं. कुणी कुणावर घातली ते नाही."

"हात्तिच्या," ती म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

ते महिने मला फार आवडले. चौदा वर्षांच्या संसारात तिने माझं मत इतक्या वेळा कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तिला जोडीदार मिळाला. काचेच्या खोलीत दोघं बसतात. अर्धा तास एक बोलतो, अर्धा तास दुसरा. बोलणाऱ्याच्या डोक्यात आकडे आणि नावं टिकत नाहीत, म्हणून शेजारचा ती कागदावर लिहून पुढे सरकवतो. ओदिलचा जोडीदार एमरिक, बेल्जियमचा, तिच्याहून सात वर्षांनी लहान. ती घरी उशिरा येऊ लागली. सराव तिकडेच व्हायचा. जेवताना म्हणायची, "एमरिकने श्वास घेतला की मला कळतं, आता याचं वाक्य संपणार."

"माझ्या श्वासाचं काय कळतं?"

"तू घोरतोस, आर्मां."

ती हसली. मी हसलो नाही. ती अंघोळीला गेली की मी तिच्या पिशवीतले कागद काढून बघायचो. त्यावर एमरिकचं मोठं, तिरकं अक्षर असायचं. चाळीस लाख टन. अठरा देश. कुठल्यातरी मंत्र्याचं नाव. प्रेमाचा एक शब्द त्यात नव्हता. तरी मी रोज बघायचो.

शेवटच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी, एका रविवारी, ती त्याला घरी घेऊन आली. "आम्हाला श्रोता हवाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'आम्हाला' ऐकूनच माझं डोकं तापलं. भाषण मालगाड्यांच्या ब्रेकवर होतं. माझ्यासाठी तिने मुद्दाम शोधलं होतं.

आधी ओदिल बोलली. अडखळली, दोनदा मागे पडली. मग एमरिक बोलला. चाकाला घासणाऱ्या ठोकळ्याला आम्ही कारखान्यात जो शब्द वापरतो, नेमका तोच त्याने वापरला. कुठून शिकला कोण जाणे. ठोकळा का तापतो, भेग कुठे पडते, सगळं सरळ. आमच्या फोरमनला इतकं नीट सांगता आलं नसतं. ओदिल त्याच्याकडे बघत होती. मी भाषण कधी केलं नाही, पण माझ्याकडे तिने तसं कधी बघितलं नव्हतं.

एमरिकने हेडफोन काढला. "काय मस्यू, कळलं?"

"नाही," मी म्हणालो.

"कुठला भाग?"

"सगळाच. फार घाईत बोलता. एक गोष्ट संपत नाही तोवर दुसरी. ओदिलचं कळलं."

त्याचा चेहरा उतरला. ओदिलने माझ्याकडे बघितलं. जाताना एमरिकने माझे आभार मानले. "बरं झालं स्पष्ट सांगितलंत. परीक्षेत हळू बोलेन."

परीक्षेत तो हळू बोलला. प्रत्येक गोष्ट फोड करून सांगत गेला, वक्ता पुढे निघून गेला, आणि भाषणाचा शेवट त्याच्या हातून निसटला. तो नापास झाला. ओदिल पास झाली. त्या रात्री तिने विचारलं, "त्या दिवशी तुला खरंच कळलं नव्हतं?"

"खरंच नव्हतं."

"बरं," ती म्हणाली.

सप्टेंबरमध्ये तो पुन्हा बसला आणि पास झाला. त्यानंतर ओदिलने सतरा वर्षं काम केलं, कधी त्याच्यासोबत, कधी दुसऱ्या कुणासोबत. घरी सराव करायची तेव्हा झोपायच्या खोलीत, दार लावून. मला पुन्हा कधी समोर बसवलं नाही.

गेल्या शनिवारी एमरिक आला. तो आता त्याच विद्यापीठात शिकवतो. ओदिलच्या शब्दांच्या वह्या विद्यार्थ्यांसाठी हव्या होत्या. मी कॉफी ओतली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. "एमरिक, त्या रविवारी मला सगळं कळलं होतं."

"ठाऊक आहे, मस्यू."

"कसं?"

"ओदिलने सांगितलं ना. निकालाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाली, नवरा जळतो माझा. ब्रेकचं भाषण आणि त्याला कळणार नाही? तू आपल्या वेगाने बोल."

"तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडलो की. अख्खा उन्हाळा शिव्या घातल्या तुम्हाला. मी थांबलो की ओदिल पुढच्या सुचवायची." तो हसला, मग डोळे पुसले. "शेवटी तीच म्हणाली, जाऊ दे, त्याला बोलू नकोस. लाजेल बिचारा."

इतकी वर्षं मला वाटत होतं, हे मी एकट्याने पोटात ठेवलं आहे. ते त्या दोघांनी ठेवलं होतं. तिने मला चांगलं झोडपायला हवं होतं. मला एक शब्द बोलली नाही. त्याला सगळं बोलली.

मी आतून वह्या आणून टेबलावर ठेवल्या. त्याने एकेक उघडून बघितली. तिचं अक्षर त्याला माझ्यापेक्षा लवकर लागत होतं.

"शेवटची नाही यात," तो म्हणाला. "इस्पितळात लिहीत होती ती. हिरवी."

"ती काही सापडली नाही."

"सापडली तर कळवा."

"कळवतो," मी म्हणालो. वही माझ्या उशीखाली होती. तिच्यातला एकही इंग्रजी शब्द मला वाचता येत नाही.