पुसलेले भांडण

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. माझी जाळी एका बाजूने चेपलेली आहे. ती कशी चेपली, ते आठवले की आजही मी हादरतो.

चष्मा लावणाऱ्या एका कारागीर बाईने मला घडवले. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा धातूचा पडदा तिने श्वास रोखून माझ्यात बसवला. तिथून मी एका ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत आलो.

एके दिवशी तिथे चौघांचा बँड आला. आईकडून ऐकलेली जुनी लोकगीते इलेक्ट्रिक गिटारवर गाणारा भाऊ, त्याच्याबरोबर गाणारी धाकटी बहीण, एक ड्रमवाला आणि बास गिटार वाजवणारा एक बासवाला. दहा गाण्यांचा अल्बम करायचा होता. नऊ झाली, पण भांडतभांडत. ड्रमवाला दोनदा काठ्या फेकून निघून गेला. बासवाला तर सगळ्यांकडे पाठ करूनच वाजवायचा. मी हबकून जायचो. इतके कडू बोलणारी माणसे गायला लागली की इतकी गोड कशी होतात?

दहावे गाणे त्यांच्या आईचे होते.

"दादा, आई हे सावकाश म्हणायची. तू नुसता पळवतोयस."

"मग गा तू एकटीच!" भावाने रागाने माझ्या स्टँडला लाथ मारली. मी तोंडावर आपटलो.

बहिणीने मला उचलले, माझ्यावर फुंकर घातली आणि एकटीच सावकाश गाऊ लागली. दुसऱ्या ओळीला भाऊ उठून अगदी माझ्यापाशी आला आणि तिच्या आवाजात त्याचा आवाज मिसळला. गिटार नाही, ड्रम नाही. मित्रांनो, मी अवाक झालो. कोणता आवाज कोणाचा, हे मलासुद्धा कळेना!

गाणे संपताच भाऊ म्हणाला, "शेवटी तू मागे राहिलीस."

"मी? तूच पळालास!"

पुन्हा जुंपली. ध्वनिमुद्रणाची फीत फिरतच होती.

अल्बम घरोघरी पोचला. "किती प्रेमळ भावंडं असतील!" असे लोक म्हणायचे. त्या दोघांनी मात्र एकमेकांशी बोलणे टाकले होते. पुढे नवे माइक आले आणि मी काचेच्या कपाटात गेलो.

बऱ्याच वर्षांनी बहीण एकटीच आली. केस पांढरे झाले होते.

"काका, दादा गेला," ती म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाला म्हणाली. "मला त्या दिवसाचं भांडण ऐकवा."

"भांडण?"

"गाणी आहेत माझ्याकडे. पण तो माझ्याशी बोलतोय, असं कुठेच काही नाही."

ध्वनिमुद्रकाचा चेहरा उतरला. "अगं, ते मी त्याच आठवड्यात पुसलं. चारचौघांत तुमची शोभा नको म्हणून."

मला धक्काच बसला. मी शब्दन् शब्द ऐकला होता! पण मायक्रोफोन ऐकतो, साठवत नाही.

मग ध्वनिमुद्रकाने गाण्याची मूळ फीत लावली, दुसऱ्या ओळीच्या जरा आधी, आवाज पूर्ण वाढवून. फितीत पावले वाजली. कोणीतरी नाकाने खोल श्वास घेतला.

"दादा!" ती दचकून म्हणाली. "पुन्हा लावा."

त्याने पुन्हा लावले. मग पुन्हा. दुसरी ओळ सुरू होण्याआधीच ती ध्वनिमुद्रकाला थांबवायची.

मित्रांनो, मला कपाटातून काढा, असे मी म्हणत नाही. पण घरात कोणाचा आवाज साठवलेला असेल, तर तो चांगला की वाईट हे तुम्हीच ठरवून पुसू नका. त्यातले कोणाला काय हवे असेल, ते तुम्हाला कुठे ठाऊक असते?