उयाराकची जागा

माझा नवरा उयाराक गेला, त्या हिवाळ्यात आमची लेक लुसील पोटुशी होती. टुंड्रावरच्या नव्या विहिरीवर ती कामाला होती. तिथे जमिनीखालच्या बर्फातून वायू काढून पाहत होते. बर्फ हलवाल तर त्याच बर्फात खणलेलं आमचं मांसाचं तळघर पाण्यात जाईल, असं उयाराकचं म्हणणं. तिने नोकरी धरली तसं त्याने बोलणं टाकलं. ती समजवायला आली की हा देवमाशाचं मांस आणायच्या निमित्ताने तळघरात उतरायचा आणि तिची गाडी गेल्यावरच वर यायचा.

आमच्यात गेलेल्याचं नाव बाळाला देतात. मग बाळ म्हणजे तोच माणूस, नातंही तेच. मला ते नाव पुन्हा घरात हवं होतं. पण नाव द्यायचं लुसीलने.

"ज्यांनी मला शेवटपर्यंत हाक मारली नाही, त्यांना मी रोज बाबा म्हणू?" ती म्हणाली.

मी वाद घातला नाही. चहा ओतला आणि तिचं काम काय ते विचारलं. इतक्या दिवसांत मीही कधी विचारलं नव्हतं. तिने दोन्ही हातांची बोटं गुंफून पिंजरा केला. बर्फाच्या अशा पिंजऱ्यात जळणारा वायू अडकलेला असतो म्हणे. वरून धुराड्यातला वायू खाली ढकलायचा. तो पिंजऱ्यात शिरून बसतो, पहिला बाहेर येतो.

"आणि पिंजरा?"

"तसाच राहतो, आई. जागा भरलेली असते ना. बाबांना एवढंच सांगायचं होतं."

"एक गेला की त्याच्या जागी दुसरा बसवायचा, म्हणजे घर पडत नाही," मी म्हटलं. "तुझ्या साहेबांना हे आत्ता कळलं होय?"

ती हसली नाही. चहा मात्र पुन्हा मागितला.

हंस परतले तेव्हा मुलगा झाला. कपाळाला उयाराकसारखी आठी घेऊनच आला. मी त्याला लुसीलच्या मांडीवर ठेवलं. तिने त्या आठीवरून अंगठा फिरवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ऐकता का आता?"

तिने त्याच्यासमोर बोटांचा पिंजरा धरला आणि पहिल्यापासून सांगायला लागली. त्याने मूठ उघडून तिचं एक बोट घट्ट धरलं. आठी होतीच. पण या खेपेला उठून तळघरात जाणार कसा?