तुटक रेघेचा रस्ता

माझी बायको आर्डिस गेली आणि काउंटीत काय चाललंय हे मला कळायचं बंद झालं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती कोर्टहाउसमध्ये काउंटीच्या निवडून आलेल्या कमिशनरांच्या सभेला जाऊन बसायची. तिला कुणी बोलावलेलं नसायचं. मागच्या रांगेत, खिडकीजवळच्या खुर्चीवर, मांडीवर क्रोशाचं विणकाम घेऊन. संध्याकाळी जेवताना मला सगळं सांगायची. कुठल्या रस्त्यावर खडी पडणार, शेरीफला नवी गाडी कशाला हवी, मायलो गेफ्रो कमिशनर असून सभेत कसा डुलक्या घेतो. मी म्हणायचो, "फुकटचा तमाशा बघायला एवढं पेट्रोल जाळतेस." ती म्हणायची, "कुणी बघत नसलं की माणसं काय ठरवतील त्याचा नेम नाही, रेनी."

मार्चमध्ये ती गेली. चर्चमधल्या बायकांनी महिनाभर जेवण आणून दिलं, मग थांबल्या. ते बरोबरच आहे, तसंच असतं. पण डेल्मर हाउक जूनमध्ये सुरू झाला, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

डेल्मरचं घर डांबरी रस्त्याच्या कोपऱ्यावर. तिथून आमचा खडीचा रस्ता फुटतो आणि माझ्या अंगणात येऊन संपतो. मधे दुसरं घर नाही. माझे गुडघे गेल्यापासून माझी जमीन तोच खंडानं करतो. इतक्या वर्षांत हा माणूस कामाशिवाय माझ्या स्वयंपाकघरात कधी आला नव्हता. आता दर आठवड्याला यायला लागला, हातात सुपाचं पातेलं घेऊन.

"लोरेटानं जास्त केलं होतं," पातेलं ओट्यावर ठेवत तो म्हणाला.

"लोरेटा जन्मभर स्वयंपाक करतेय. आत्ताच बरं जास्त व्हायला लागलं?"

"खायचं तर खा, नाहीतर कुत्र्याला घाल."

"कुत्रासुद्धा आधी विचारेल, हे कशाबद्दल म्हणून."

डेल्मर हसला. बटाट्याचं, कणकेचे गोळे घातलेलं सूप होतं. चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. तो खुर्चीवर बसला आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिला.

"हिवाळ्याचं काय ठरवलंयस?"

"हिवाळा मला विचारून येतो काय?"

"तसं नव्हे रे. जोलीनकडे जाणार आहेस का, फार्गोला?"

जोलीन माझी मुलगी. "कोण म्हणालं?" मी विचारलं.

"कुणी नाही. विचारलं आपलं."

असं 'आपलं' विचारणारा माणूस तो नाही. गाय विकत घ्यायची असली की आधी तासभर तिच्या मालकाच्या तब्येतीची चौकशी करतो.

ऑगस्टमध्ये एकदा गावाहून परत येताना पाहिलं, रस्त्याखालच्या मोरीपाशी एक पांढरी पिकअप उभी होती. डेल्मर खाली चरात उतरलेला, त्याच्याबरोबर नारिंगी जॅकेटमधली एक अनोळखी बाई. तो हातानं काहीतरी दाखवत होता आणि ती फोटो काढत होती. मी गाडी थांबवून काच खाली केली.

"काय हरवलंय?"

डेल्मर दचकला. "काही नाही, पाणी बघतोय."

"कसलं पाणी? चर ठणठणीत कोरडा आहे."

"म्हणूनच बघतोय," तो म्हणाला. बाई माझ्याकडे बघून हसली, जशी डॉक्टरच्या खोलीबाहेर नावं लिहून घेणारी बाई हसते तशी. मी काच वर केली.

रात्री झोप लागली नाही. हा रस्ता मधून काढून टाकला तर डेल्मरची दोन शेतं एक होतात. एवढं मोठं पेरणी यंत्र घेतलंय, ते वळवायला त्याला जागा पुरत नाही, हे तो स्वतःच कितीदा म्हणाला आहे. मला वाटायला लागलं की तो सूप घेऊन येत नाही, मी अजून किती दिवस टिकेन ते बघायला येतो.

आमच्या साप्ताहिकातल्या सरकारी जाहिराती आर्डिस वाचायची. मी कधी वाचल्या नव्हत्या. सप्टेंबरच्या पहिल्या अंकात एक दिसली ती चुकूनच. काउंटीचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार आहे, नकाशा कोर्टहाउसच्या व्हरांड्यात लावला आहे, हरकती असतील तर जाहीर सुनावणीत मांडाव्यात.

दुसऱ्या दिवशी जाऊन नकाशा बघितला. भिंतभर होता. काही रस्ते जाड काळ्या रेघेचे, काही तुटक रेघेचे. घरांच्या जागी छोटे चौकोन. डेल्मरच्या कोपऱ्यावर चौकोन होता. तिथून आमचा रस्ता निघाला होता, तुटक रेघेनं, आणि तो जिथं संपत होता तिथं काहीच नव्हतं. माझं घर, कोठार, आर्डिसनं वाऱ्याच्या बाजूला लावलेली झाडांची रांग, सगळ्याच्या जागी कोरा कागद.

काउंटीची ऑडिटर ग्लेन्डा व्हरांड्यातून जात होती. सभेची नोंद तीच ठेवते. मी तिला थांबवलं.

"ग्लेन्डा, माझं घर कुठं आहे?"

तिनं चष्मा लावला. "हा आजचा नकाशा नाही, रेनी. वीस वर्षांनंतरचा आहे."

"मग वीस वर्षांत माझं घर कुठं जातंय?"

"अहो, तो अंदाज असतो. पुढं कुठं कुणी राहणार नाही, याचा."

"आणि तुटक रेघ?"

तिनं चष्मा काढला. "तिथं काउंटी खडी टाकणार नाही, बर्फ काढणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर जायचं."

"वीस वर्षांनंतर?"

"नाही," ती हळू म्हणाली. "रस्त्यांचं या हिवाळ्यापासून."

आमच्याकडे बर्फ काढायला ग्रेडर आला नाही तर नोव्हेंबरात जे घरात कोंडून पडायचं ते एप्रिलमध्ये बाहेर यायचं. रस्ता गेला म्हणजे घर गेलं. हे नकाशा काढणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

"हे ठरवलं कुणी?"

"आराखडा समितीनं. आर्डिस होती ना त्यात. तिच्या जागी डेल्मरला घेतलं."

आर्डिसनं मला सांगितलं होतं, समितीत घेतलंय म्हणून. मी विचारलं होतं, जेवण देतात का. पुढं काही विचारलं नाही. तिची जागा डेल्मरला मिळाली हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं माझ्या टेबलाशी बसून ते एकदाही सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याचं पातेलं घासून दारात ठेवलं. आता सूप नको होतं.

सुनावणीच्या दिवशी मी लवकर जाऊन आर्डिसच्या खुर्चीत बसलो. खोली भरली होती. छातीवर हात ठेवून झेंड्यासमोर प्रतिज्ञा झाली. व्हर्ना फाइस्ट अध्यक्ष, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कमिशनर. मायलो गेफ्रोचे डोळे तेव्हाच अर्धे मिटले होते. बाजूच्या टेबलावर नारिंगी जॅकेटवाली बाई बसली होती. ती राज्याच्या राजधानीहून, बिस्मार्कहून आलेली, आराखडा करणाऱ्या कंपनीची.

व्हर्नाजवळ कोंबडीच्या आकाराचं, पिळून वेळ लावायचं, स्वयंपाकघरातलं घड्याळ असतं. तिनं ते उचलून सगळ्यांना दाखवलं. "आधी नाव आणि पत्ता, नोंदीसाठी. मग बोलायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. कोंबडी ओरडली की खाली बसायचं, मग तुम्ही माझे सख्खे भाऊ का असेनात."

"भाऊच आहे मी तुझा," पुढून कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच सांगतेय."

पहिला माणूस डुकरांच्या वासाबद्दल बोलला आणि कोंबडी ओरडल्यावरही बोलतच राहिला. मला काय म्हणायचं ते मी पाठ केलं होतं. डेल्मर हाउक, तू माझ्या घरी सूप घेऊन येत होतास की मोजमाप घ्यायला? सगळ्या काउंटीसमोर विचारायचं होतं. पण माझ्या आधी तोच उठला.

"डेल्मर हाउक," तो म्हणाला, आणि पत्ता सांगितला. टोपी हातात चुरगाळत होता. "रेनीच्या रस्त्याची मोरी खचलीय म्हणून रस्ता तुटक रेघेत टाकला, असं समितीत सांगितलं. मी या बाईंना नेऊन दाखवली. मोरी चांगली आहे. रस्ता राहू द्या. एवढंच."

तो बसला. माझ्या मनात आलं, माझ्या शेतातलं धान्य नेणारे त्याचे ट्रक त्याच रस्त्यानं जातात, म्हणून बोलतोय.

बिस्मार्कची बाई उभी राहिली. बोलायला नम्र होती. "मोरीबद्दल हाउकसाहेबांचं बरोबर आहे, ती नोंद आम्ही दुरुस्त केली. पण प्रश्न रहिवाशांचा आहे. आम्ही प्रत्येक घरी फोन केले. या घरी कुणी उचलला नाही. मग काउंटीकडे दुसरा नंबर होता तिथं केला. कुटुंबाकडून कळलं, की घर हिवाळ्याआधी रिकामं होतंय."

"कुठल्या कुटुंबाकडून?" मी बसल्या जागेवरूनच ओरडलो.

"रेनी, तुमची पाळी आल्यावर," व्हर्ना म्हणाली.

"आमचं कुटुंब म्हणजे मी आणि—" मी थांबलो. दुसरा नंबर जोलीनचा. आर्डिस हॉस्पिटलात होती तेव्हा रुग्णवाहिकेच्या ऑफिसात मीच लिहून दिला होता.

व्हर्ना मघापेक्षा हळू आवाजात म्हणाली, "या आता. तुमचीच पाळी आहे."

पुढं जाऊन माईकसमोर उभा राहिलो. डेल्मर पहिल्या रांगेत होता. पाठ केलेलं सगळं त्याच्यासाठी होतं आणि आता ते त्याला म्हणता येत नव्हतं. व्हर्नानं कोंबडी पिळून ठेवली.

"नाव आणि पत्ता," ती म्हणाली.

"राइनहोल्ड बेंडर," मी म्हणालो. "त्रेचाळीसशे दहा, बासष्टावा रस्ता."

ग्लेन्डानं ते टाइप केलं. खोलीत फक्त तिच्या बोटांचा आवाज.

"तिथं मी राहतो," मी म्हणालो. "या हिवाळ्यात तिथंच असणार आहे."

आणखी काही बोलायचं राहिलं नव्हतं, पण परत जाऊन बसायचंही सुचेना. तसाच उभा राहिलो. कोंबडी टिकटिक करत होती. व्हर्नानं मला थांबवलं नाही. शेवटी ती ओरडली तेव्हा मायलो गेफ्रो जागा झाला, किंवा आधीपासूनच जागा असेल.

"ग्लेन्डा, नोंद झाली?" त्यानं विचारलं.

"झाली."

"मग नोंदीत माणूस आहे. माणूस आहे तर घर रिकामं कसं?" तो बाईकडे वळला. "की आम्ही त्याला बाहेर काढायचं आणि मग अंदाज बरोबर आला म्हणायचं?"

कुणीतरी हसलं. बाई म्हणाली, तसं असेल तर पाच वर्षांनी पुन्हा बघावं लागेल. मायलोनं ठराव मांडला, तो रस्ता तुटक यादीतून काढावा. तीन विरुद्ध दोननं मंजूर झाला. व्हर्ना विरोधातल्या दोघांमध्ये होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर गाड्यांपाशी डेल्मर उभा होता.

"पातेलं दे परत. लोरेटा विचारतेय."

"दारात ठेवलंय. समितीत आहेस ते का नाही सांगितलंस?"

"मग तू मला दारातही उभं केलं नसतंस."

"ट्रक जातात म्हणून बोललास ना?"

"जातात तर." तो दार उघडून गाडीत बसला. "आणि तिच्या जागेवर बसवलं मला. तिच्या माणसाकडे बघायला नको?"

यातलं किती खरं मानावं हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

घरी येऊन जोलीनला फोन लावला. तिनं पहिल्या घंटेलाच उचलला.

"तू त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही फोन उचलत नाही. आईच्या वेळी रुग्णवाहिका त्याच रस्त्यावर अडकली होती. मी इथं बसून काय करायचं?"

रुग्णवाहिका अडकली होती हे खरं आहे. डेल्मरनं ट्रॅक्टरनं ओढून काढली होती. ते मी विसरलो नव्हतो, फक्त त्याच्या हिशेबात धरलं नव्हतं.

"रोज संध्याकाळी फोन कर," मी म्हणालो. "उचलेन."

"रोज?"

"न उचलला तर डेल्मरला कर. नंबर देतो."

तिनं लिहून घेतला. मग म्हणाली, "आणि पुढच्या हिवाळ्यात?"

"पुढच्याचं पुढच्या वर्षी बोलू."

आता पहिल्या सोमवारी मी जातो. विणकाम येत नाही, म्हणून हात नुसते मांडीवर ठेवून बसतो. कमिशनर एकमेकांच्या कानात काही बोलले की माझं लक्ष तिकडं असतं. डेल्मरही येतो, आणि बिस्मार्कची बाई आली असेल तर तो तिच्याशी कुठं उभा राहून बोलतो ते मी बघून ठेवतो. हरकतींची वेळ झाली की माईकपाशी जाऊन नाव सांगतो, पत्ता सांगतो आणि परत येऊन बसतो.

व्हर्ना आता माझ्यासाठी कोंबडी पिळत नाही. पहिला बर्फ पडला तेव्हा ग्रेडर अंगणापर्यंत आला आणि तिथूनच वळला.